पोच-अण्णा

आमच्या वठारात अण्णांकडून वाटीभर साखर उसनी आणायची तर आधी सही करावी लागायची. खोटं नाही सांगत. दाराशी स्टूल, स्टुलावर वही, वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. ‘साखर, एक वाटी, सपाट’ असं ते स्वतः लिहायचे आणि आपण पुढे सही ठोकायची. परत करायला गेलं की तेच उलटं. ‘साखर मिळाली, वाटी शिगोशीग, आभारी आहे’ अशी चिठ्ठी ते आपल्या हातात ठेवायचे. आई वैतागून म्हणायची, "या माणसाकडनं उसनं आणण्यापरीस फिक्का चहा प्यावा." पण महिनाअखेरीला मला धाडायची तिथंच, कारण अण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

वठार म्हणजे आमच्या बेंगळूरची चाळ. राजाजीनगरातल्या एका गल्लीत, अंगणाभोवती नऊ घरं आणि मध्ये एक नळ. त्यातली तीन घरं मराठी. किती पिढ्यांपूर्वी इथं आलो ते आजोबांनाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी, नळावर कन्नड, आणि भांडण रंगलं की दोन्ही. जिन्यावरच्या एका खोलीत अण्णा एकटेच राहायचे. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. सबंध नोकरी सरकारी कचेरीच्या टपाल शाखेत. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि आणणाऱ्याला पोच द्यायची, म्हणजे कागद मिळाल्याची सही. तीस वर्षं हेच केल्यावर रिटायर झाले, पण हात काही थांबले नाहीत.

दूधवाल्याकडून पोच, नळ दुरुस्त करणाऱ्याकडून पोच. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं तर अण्णा आधी पत्रिका मिळाल्याची चिठ्ठी देणार, मग पाणी विचारणार. पितृपक्षात गच्चीवर भात ठेवायचे आणि वही घेऊन उभे राहायचे. कावळा शिवला की वेळ टिपायची आणि पुढे लिहायचं, ‘पोचलं’. एका वर्षी कावळा फिरकलाच नाही. अण्णांनी ‘पोच नाही’ असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत भात रांधला. आम्ही पोरं जिन्याखाली पोट धरून हसत होतो. पोच-अण्णा हे नाव आम्हीच पाडलेलं. आता त्या हसण्याची आठवण आली की माझी मलाच चीड येते.

आणखी एक खोड. ते वठारातल्या शेंबड्या पोरालासुद्धा अहो-जाहो करायचे. "काय अर्जदार, जेवलात का?" मी एकदा विचारलं, अण्णा, मी कसली अर्जदार, मी तर साखर मागायला आले. तर म्हणाले, "मागायला आलेल्या माणसाला एकेरी हाक मारायची नसते हो. तो आधीच स्वल्प लहान होऊन आलेला असतो." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

दहावीत गणितानं माझा घात केला. बाबा शिंपी, घरातच मशीन, पण रेडिमेडनं त्यांचं गिऱ्हाईक पळवलेलं. मग सोळाव्या वर्षी मला दोन गल्ल्या पलीकडच्या कपड्यांच्या युनिटमध्ये चिकटवलं. परदेशी जाणारे शर्ट. माझ्याकडे काजं-बटणं, आणि शेजारच्या बाकावर जयम्मा, पंधरा वर्षांची, छोट्या कात्रीनं धागे कापणारी. ती बोलायला लागली की सुपरवायझरसुद्धा हसू दाबायचा. तिचं एकच वेड होतं. चिक्कपेटेतल्या एका दुकानात तिनं जुनं शिलाई मशीन बघून ठेवलं होतं. थोडी उचल देऊन ते दिवाळीपर्यंत राखून ठेवायला सांगितलं होतं. "मशीन आलं की मी धागे कापणार नाही, टेलर होणार," हे ती दिवसातून दहा वेळा ऐकवायची.

आम्ही सात जणी अठराच्या आतल्या होतो. तपासणीला कुणी आलं की आम्हाला डबे घेऊन गच्चीवर पिटाळायचे. हजेरीच्या रजिस्टरात आमची नावं लावलेलीच नव्हती. मालक मात्र आमच्यातलाच माणूस, अस्सल मराठी बोलणारा, गणपतीला पहिला हार त्याचा असायचा. बाबांना त्याचं केवढं कौतुक! आणि त्यानं तीन महिने आमचा पगार दिला नाही. आधी माल परत आला म्हणाला, मग बँकेत अडकलंय म्हणाला, मग नुसतं पुढच्या शनिवारी.

हे अण्णांना कुणी सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या वहीनं सांगितलं. मी साखरेला गेले तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "या महिन्यात ही चौथी वाटी. घरात पगार पोचत नाही का?"

मी रडायलाच लागले. सगळं ओकून टाकलं. म्हटलं, अण्णा, आमचं नावच नाही रजिस्टरात, आम्ही लहान, आम्हाला कोण विचारतं?

"कोण म्हणतं विचारत नाही? काम केलं ना? मग वय कमी म्हणून मजुरी कमी होत नाही, बुडत तर मुळीच नाही. मालकानं नाव लावलं नाही ही चूक त्याची, तुमची नव्हे. अर्ज करता येतो. वकील लागत नाही. फक्त वर्षाच्या आत करायचा आणि एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून करायचा." मग त्यांनी विचारलं, "कागद काय आहे?"

"काहीच नाही."

"असं होत नाही. काम म्हटलं की कुठंतरी कागद असतोच. आठवा."

आणि मला आठवलं. आमच्याकडे कापडाचं प्रत्येक बंडल यायचं त्याला नंबर छापलेल्या चिठ्ठ्या जोडलेल्या असायच्या. आपलं काम झालं की आपली चिठ्ठी फाडून ठेवायची. महिनाअखेरीला सुपरवायझर त्या गोळा करायचा आणि त्यावरून पगार निघायचा. तीन महिने पगारच नाही म्हणून त्यानं चिठ्ठ्याही मागितल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या डब्यात त्या तशाच पडून होत्या. मी खाली जाऊन माझा बिस्किटांचा डबा आणला. अण्णा उठले, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि मगच त्या चिठ्ठ्यांना हात लावला. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक, आणि चिठ्ठ्या तारखेवार लावायला बसले.

पुढचे चार रविवार आम्ही सातजणी त्यांच्या खोलीत. मैद्याची खळ करायची, फुलस्केप कागदावर तारखेवार चिठ्ठ्या चिकटवायच्या, खाली जिची तिची सही. अण्णा टाइपरायटरवर ठोकत बसायचे. जयम्माला सही येत नव्हती. अण्णा म्हणाले, अंगठा चालेल, पण तुम्हाला टेलर व्हायचंय, दुकानावर पाटी लागेल, तर सही शिकून घ्या. शिकली ती. तीन अक्षरांना तिनं अख्खी वही भरली. आधी मालकाला रजिस्टर पत्र गेलं. त्याचं पोचकार्ड परत आलं तेव्हा अण्णांनी ते आम्हाला देवाचा प्रसाद दाखवावा तसं दाखवलं. उत्तर आलं नाही. मग कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज, आणि सुनावणीची तारीख.

अण्णांचे नियम तीन. वाचल्याशिवाय सही नाही. पोच घेतल्याशिवाय अस्सल कागद हातातून सोडायचा नाही. आणि अस्सल नेहमी अर्जदाराकडे, त्यांच्याकडे फक्त नकला. अर्जात पहिलं नाव माझं होतं, म्हणून चिठ्ठ्यांची ती सगळी पानं त्यांनी माझ्या हवाली केली. अर्थात वहीत सही घेऊनच.

सुनावणी आठ दिवसांवर आली आणि घरात गौरी बसल्या. दुपारी मालकाची बायको स्वतः हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आमच्या दारात! आजवर कधी वठाराची पायरी चढली नव्हती. आई तर गडबडूनच गेली. बाईंनी बाबांना म्हटलं, "आपल्याच लेकीनं आपल्याला कचेरीत खेचायचं, हे शोभतं का हो? संध्याकाळी या. ती पानंही आणा. बसून हिशेब करू आणि सगळ्यांचंच मिटवून टाकू."

बाबा एकदम विरघळले. परक्या मुलखात आपली म्हणून चार घरं, असं त्यांचं पालुपद. इतक्या पिढ्या राहून मुलूख परका कसा, हे त्यांना कोण विचारणार? मी म्हटलं, अण्णांना विचारून येते. बाबा म्हणाले, "त्या खुळ्याला कशाला? घरातलं घरात."

आणि मी गेले. नवं परकर-पोलकं घालून, पानं पिशवीत घालून, गेले. दिवाणखान्यात गौरी नटवलेल्या, उदबत्तीचा वास, मालक सोफ्यावर हसतमुख. माझे पैसे त्यानं सगळेच्या सगळे दिले, एकही रुपया कमी नाही. पानं त्यानं सहज हात पुढे करून घेतली. "इतर मुलींचं सोमवारी बघतो," म्हणाला. मग इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे केला, त्यावर तिकीट लावलेलं. "इथं सही कर, पोरी." बाईंनी तेवढ्यात मला कुंकू लावलं, ओटी भरली, ब्लाउजपीस दिला. मला इंग्रजी अडखळत वाचता यायचं. वाचायला लागले तर बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि पोच? ज्या घरात गौरीसमोर कुंकू लावून घेतलं, त्या घरात म्हणायचं, काका, पानं मिळाली असं लिहून द्या? जीभच उचलेना. मी सही केली. ओटीचा नारळ सांभाळत घरी आले. पानं तिथंच राहिली.

सोमवारी कुणालाच काही मिळालं नाही. अण्णांना मी सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगीन. जिना चढायची, अर्ध्यातून परत फिरायची.

सुनावणीला अण्णा इस्त्रीचा कोट घालून आले. जयम्मानं केसात अबोली माळली होती. अधिकारी चांगला होता हो, शांतपणे ऐकणारा. त्यानं पानं मागितली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मालकाच्या माणसानं तो तिकीट लावलेला कागद पुढे केला आणि अधिकाऱ्यानं तो मोठ्यानं वाचला. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं, माझा पगार पूर्ण मिळाला, काही तक्रार नाही. युनिटच्या कचऱ्यातून टाकून दिलेल्या चिठ्ठ्या वेचून मी ती पानं घरी बनवली होती. बाकीच्या सहाजणींनी तिथं कधी काम केलेलं मला माहीत नाही.

"सही तुझी?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"हो."

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

तो थांबला. चांगला बराच वेळ थांबला. मला बोलायला जागा दिली त्यानं. बाबा शेजारी बसले होते. मालकानं त्यांना शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम देऊ केलं होतं, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. पलीकडे जयम्मा, माझ्याकडे टक लावून. तिला वाटत होतं मी आत्ता बोलीन. मी तोंड उघडलं नाही.

अर्ज फेटाळला. अण्णांच्या नकला होत्या, पण टाइप केलेली यादी कुणीही करू शकतो, असं अधिकारी म्हणाला. त्याचंही काय चुकलं?

बाहेर आल्यावर बाकीच्या पाचजणी बसला निघून गेल्या, बाबा स्कूटर काढायला गेले. अण्णांनी टपरीवर दोन कॉफ्या बाय-टू सांगितल्या, म्हणजे दोनाच्या चार. एक जयम्माला, एक मला, एक स्वतःला. चौथा पेला बाबांचा, तो तसाच निवत राहिला. मला वाटलं आता बोलतील, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. ते म्हणाले, "चूक माझी. पोच मागायला शिकवलं. आपल्या माणसाकडं कशी मागायची, ते शिकवायचं राहिलं." अबोलीचा गजरा जयम्मानं काढून हातात चुरगळला होता. दिवाळी आली नि गेली. तिची उचल बुडाली आणि ते मशीन दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं.

त्यानंतर मी अण्णांच्या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा. अंगणात समोरासमोर आलो तर ते विचारायचे, "काय अर्जदार, जेवलात का?" तेच, पहिल्यासारखं. मी नुसती मान हलवून घरात पळायची.

अण्णांनी मात्र प्रकरण सोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोट घालून बसनं कचेरीत जायचे आणि एक स्मरणपत्र देऊन यायचे. प्रकरण पुन्हा उघडावं, सहा मुलींची मजुरी बाकी आहे. पहिली दोन वर्षं जयम्मा बरोबर असायची, जाता-येता त्यांच्याकडून वाचायला शिकायची. मग तिचं लग्न झालं, ती मारतहळ्ळीकडे गेली. तेव्हा तिकडे निम्मी शेतंच होती. अण्णा एकटे जायला लागले. परत आले की आमच्या दाराखालून घडी केलेला एक कागद आत सरकायचा. स्मरणपत्राची नक्कल, वर कचेरीचा गोल शिक्का, खाली अण्णांच्या अक्षरात ‘पहिल्या अर्जदारास माहितीसाठी’. पहिली अर्जदार म्हणजे मी! ते कागद मी न वाचता बाबांच्या मशीनच्या खणात कोंबायची. बाबा बघायचे आणि गणवेश शिवत राहायचे.

पाच वर्षांहून जास्त हे चाललं. एका सोमवारी कागद आला नाही. अण्णा मंगळवारी दवाखान्यात आणि गुरुवारी गेले. दावणगेरेहून भाचा आला, त्यानं सगळं उरकलं. दहाव्याला गच्चीवर भात ठेवला, मी वर गेले होते. कावळा आला. वेळ टिपायला कुणी नव्हतं. माझ्या हातात ना वही ना पेन्सिल, मी तिथं उभी राहून हमसाहमशी रडले.

तेव्हा मी एका दुकानात हिशेबाला होते, चार पैसे साठवले होते. जयम्माचे तीन महिन्यांचे पैसे पाकिटात घातले आणि पत्ता काढत मारतहळ्ळीला गेले. ती दारात दुसऱ्या कुणाच्या ब्लाउजांना हुक लावत बसली होती, कडेवर पोर. मला बघून उठलीही नाही. मी पाकीट पुढे केलं.

"मालकानं दिले?"

"नाही. माझे आहेत."

"बेडा," म्हणाली. नको. "तू दिलेस तर ते पैसे होतील गं, माझा पगार होणार नाही. माझा पगार त्याच्याकडे आहे." मग आत जाऊन तिनं पोस्टकार्डांचा एक जुडगा आणला. प्रत्येक महिन्याला अण्णांचं एक. ‘स्मरणपत्र दिले. पोच मिळाली. धीर धरावा.’ "या महिन्याचं आलं नाही," ती म्हणाली. "अण्णा बरे आहेत ना?"

मी सांगितलं. तिनं हुकाची सुई ब्लाउजात टोचून ठेवली. डोळे पुसले आणि तिनं एवढंच विचारलं, "अय्यो, मग आता कोण जाणार?"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी गेलो. कागद या वेळी मी लिहिला होता. गौरीच्या दिवशी ती पानं मी माझ्या हातानं मालकाला दिली, पोच घेतली नाही. कागद न वाचता सही केली. सुनावणीत विचारलं तेव्हा गप्प बसले. सहाही मुली तिथं माझ्याबरोबर काम करत होत्या. सगळं लिहिलं, बाबांच्या गणवेशांसकट. खिडकीतल्या कारकुनानं नंबर बघितला.

"अम्मा, हे केव्हाच निकाली निघालंय. आता यातून काही व्हायचं नाही." मग मान वर करून म्हणाला, "ते कोटवाले आजोबा नाही आले?"

"वारले."

त्यानं हात पुढे केला. "ठेवून जा कागद."

"पोच द्या," मी म्हटलं. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला असावा, रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

त्यानं दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. एकीवर सही करून माझ्याकडे सरकवली. बाहेर त्याच टपरीवर आम्ही एक बाय-टू सांगितली. जयम्मानं माझ्या हातातून तो कागद घेतला, तारीख वाचली, शिक्का वाचला, ओठ हलवत माझी सही वाचली. मग नीट चार घड्या घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.

"अस्सल माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "तू नक्कल काढून ठेव."